दक्षिणेची फेड : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे पूर्वचरित्र

स्मरणिका निघावयाची वेळ जवळ आली म्हणजे संपादक मंडळाकडून आम्हांस एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून देण्याविषयी आज्ञा होते. यंदा आम्ही आपल्या ज्ञातीचे भूषण डॉ. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे चरित्र हाती घेतले आहे. त्यांचे नाव ठाऊक नाही असे आपल्यांत एकही घर नसेल. पुण्यातील प्राच्यविद्या संशोधन मंदिर त्यांच्या नावाने उभे आहे, आणि त्यांची पागोटे घातलेली तसबीर आपण अनेक सभागृहांतून पाहिलेली आहे. परंतु तसबिरीतील भांडारकर हे वृद्ध भांडारकर होत. पदव्या मिळालेले, मान्यता पावलेले, देशोदेशीच्या विद्वानांनी गौरविलेले. आम्हांस मात्र आज बाविशी-पंचविशीतील भांडारकरांविषयी लिहावयाचे आहे. त्या काळी ते अर्धा दिवस विद्यार्थी व अर्धा दिवस शिक्षक होते, आणि त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया त्याच पाच-सहा वर्षांत घातला गेला, असे आमचे नम्र मत आहे.

हा विषय निवडण्यास आणखीही एक कारण घडले. गेली काही वर्षे आपल्या वार्षिक सभांतून एक प्रश्न पुन्हापुन्हा निघतो. विद्यार्थी साहाय्य निधीतून आपण मुलांस जी रक्कम देतो ती देणगी समजावी की कर्ज समजावे? देणगी म्हटले तर घेणाऱ्यास तिची किंमत राहत नाही, अशी काहींची तक्रार. कर्ज म्हटले तर गरीब घरचा मुलगा अर्ज करण्यासच कचरतो, असा इतरांचा अनुभव. दोन्ही बाजूंचे लोक तळमळीने बोलतात, आणि सभा संपते तेव्हा प्रश्न जेथल्या तेथे असतो. भांडारकरांचे पूर्वचरित्र वाचीत असता आम्हांस या वादाचे तिसरेच उत्तर सापडले. ते ज्ञातिबांधवांपुढे व ज्ञातिभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

भांडारकरांचा जन्म मालवण येथे ६ जुलै १८३७ रोजी झाला. वडील गोपाळराव हे सरकारी कचेरीत कारकून होते. घरची स्थिती बेताची. कारकुनाच्या बदलीबरोबर बिऱ्हाड हलावयाचे आणि बिऱ्हाडाबरोबर मुलांची शाळा हलावयाची, हा क्रम आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांस नवा नाही. राजापुरास काही शिक्षण झाल्यावर रामकृष्ण रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत आले. वडिलांची बदली रत्नागिरीस झाली नसती तर हा मुलगा इंग्रजी शिकला असता की नाही, कोण जाणे! कोकणातील किती बुद्धिमान मुले केवळ बदली झाली नाही म्हणून गावीच राहिली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

१८५३ साली, म्हणजे ज्या वर्षी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली त्याच वर्षी, सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. दादाभाई नौरोजी तेव्हा तेथे गणित शिकवीत होते. मुंबई विद्यापीठाची स्थापना अद्यापि व्हावयाची होती. ती १८५७ साली झाली. म्हणजे भांडारकरांच्या पिढीने शिक्षणास आरंभ केला तेव्हा बी.ए. किंवा एम.ए. या पदव्या या प्रांतात कोणी पाहिलेल्याच नव्हत्या. पुढे पायवाट आहे किंवा नाही हे ठाऊक नसताना ही मुले चालत होती. अशा मुलांच्या पोटापाण्याची तरतूद काय? घरून पैसे मागवावे तर घर कारकुनाचे. नोकरी धरावी तर अभ्यास सुटणार. या पेचातून भांडारकरांस ज्या गोष्टीने सोडविले तिचे नाव दक्षिणा फेलोशिप. १८५९ साली ते दक्षिणा फेलो झाले.

या दक्षिणेचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण आमच्या मुद्द्याचे मर्म त्यातच आहे. मराठेशाहीत सेनापती दाभाडे यांनी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची प्रथा सुरू केली. ती पुढे पेशव्यांनी पुण्यास चालविली व पुष्कळ वाढविली. दूरदूरच्या प्रांतांतून शास्त्री-पंडित श्रावणात पुण्यास येत. विद्येची पारख होऊन द्रव्य दिले जाई, परंतु पुढेपुढे ती पारख सैल होत गेली आणि केवळ हात पुढे करणाऱ्यांचीही रमण्यात गर्दी होऊ लागली. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी ही प्रथा एकाएकी मोडली नाही. दक्षिणेपैकी काही रक्कम विद्येकडे वळवून १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढण्यात आली. पुढे १८४९ साली लोकहितवादी प्रभृती पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, हा पैसा नुसता वाटण्यापेक्षा देशभाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा. जुन्या मंडळींनी या अर्जास कसून विरोध केला. तथापि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. जोतीराव फुले यांच्या मुलींच्या शाळांसही याच निधीतून साहाय्य मिळाले होते. ज्या दक्षिणेचे पात्र एके काळी केवळ ब्राह्मण समजला जाई, ती अशा रीतीने हळूहळू सर्वांच्या विद्येच्या कामी येऊ लागली.

याच निधीतून पुढे कॉलेजांतील हुशार विद्यार्थ्यांसाठी फेलोशिपा निघाल्या. त्यांत कनिष्ठ व ज्येष्ठ अशा दोन पायऱ्या होत्या. भांडारकरांचे सहाध्यायी महादेव गोविंद रानडे यांस प्रथम महिना ६० व नंतर महिना १२० रुपये याप्रमाणे ही वृत्ती मिळत असे. त्या काळच्या मानाने ही रक्कम लहान नव्हे. परंतु ती श्रावणातल्या दक्षिणेसारखी ओंजळीत पडत नसे. फेलोने आपला पुढचा अभ्यास चालू ठेवावयाचा आणि त्याचबरोबर कॉलेजातील खालच्या वर्गांस शिकवावयाचे, असा तिचा दुहेरी करार होता. आज परदेशातील विद्यापीठांत उच्च पदवीचा अभ्यास करणारी आपली मुले प्राध्यापकांच्या हाताखाली वर्ग घेतात व त्या वेतनावर आपला खर्च भागवितात, हे आपण घरोघरी ऐकतो. ती रीत नवी किंवा परकी आहे असे कोणी समजू नये. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईस व पुण्यास आपल्याच पूर्वजांनी ती आचरलेली आहे, आणि तीही पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशावर!

येथे एक विस्मयाची गोष्ट सांगितली पाहिजे. संस्कृत विद्येचे मेरुमणी म्हणून ज्यांस जग ओळखते, ते भांडारकर फेलो होईपर्यंत संस्कृतचे विद्यार्थी नव्हते. त्यांचे शिक्षण इंग्रजी, गणित, इतिहास अशा नव्या विद्यांत झाले होते. त्या वेळचे शिक्षणखात्याचे डायरेक्टर हॉवर्डसाहेब यांनी त्यांस संस्कृतचा अभ्यास करण्याविषयी सुचविले. वयाची विशी उलटलेली, इंग्रजीत नाव मिळालेले, स्वतः वर्गापुढे उभे राहून इतरांस शिकविणारे. आणि अशा स्थितीत त्यांनी रूपे व धातू यांपासून आरंभ केला. ज्या वयात मनुष्यास आपले अज्ञान लपविण्याची फार हौस असते त्या वयात त्यांनी ते उघडपणे पत्करले. पुढे ते पुण्याच्या कॉलेजात फेलो म्हणून आले. हेच कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. पुण्यात जुन्या परंपरेचे शास्त्री होते. त्यांच्यापाशी बसून भांडारकरांनी व्याकरण, न्याय इत्यादी शास्त्रांचे अध्ययन केले.

या दिनक्रमाचे चित्र वाचकांनी क्षणभर मनापुढे आणावे. शास्त्रीबोवांपुढे मांडी घालून बसावे तेव्हा शिष्य. कॉलेजच्या वर्गात उभे राहावे तेव्हा गुरू. शास्त्रीबोवांपाशी पाठांतराची व सूत्रांची शिस्त. वर्गात इंग्रजी पद्धतीच्या प्रश्नोत्तरांची शिस्त. एकाच मनुष्याच्या ठिकाणी या दोन परंपरा प्रत्यही भेटत होत्या. जुन्या शास्त्र्यांस जे मुखोद्गत होते ते नव्या विद्यार्थ्यास समजेल अशा रीतीने कसे सांगावे, हा प्रश्न शास्त्र्यांस पडत नव्हता, कारण त्यांचे शिष्य बारा वर्षे गुरुगृही बसणारे. तो युरोपीय प्राध्यापकांसही तितका जाचत नव्हता. तो पडला भांडारकरांस, कारण सूत्र समजण्यास स्वतःला किती श्रम पडले हे त्यांच्या ध्यानात ताजे होते, आणि समोरच्या मुलांसही ते श्रम पडणार हे दिसत होते.

शिकता शिकता शिकविणाऱ्याची ही स्थिती काय असते याचा आम्हांसही अल्प अनुभव आहे. तो येथे सांगतो, त्यात आमची प्रौढी मुळीच नाही. आम्ही केवळ मॅट्रिक. घरच्या अडचणीमुळे पुढे शिकता आले नाही, व शिक्षकाची नोकरी पत्करली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी संस्कृतचे गुरुजी दीर्घ रजेवर गेले आणि आठवीचा वर्ग आमच्याकडे आला. आम्हांस संस्कृत येत होते ते मॅट्रिकपुरते. एके दिवशी एका मुलीने उभे राहून विचारले की, धातू जर गम् आहे तर गच्छति या रूपात म कोठे गेला? आम्हांस उत्तर सुचले नाही. तरुण वय, वर्ग हसेल ही भीती. आम्ही तिला नसत्या शंका काढू नकोस म्हणून दरडावून खाली बसविले. ती बसली, पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. शेवटी उठून भांडारकरांच्या संस्कृतच्या पहिल्या पुस्तकाची जीर्ण प्रत काढली. सुरुवातीच्याच धड्यांत उत्तर होते. काही धातूंच्या जागी वर्तमानकाळी दुसरे रूप आदेश म्हणून येते, व गम् च्या जागी गच्छ् येते. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तो नियम सांगितला, आणि काल आम्हांस ठाऊक नव्हते हेही सांगितले. वर्ग हसला नाही. ती मुलगी पुढे काय झाली हे आम्हांस ठाऊक नाही, परंतु आम्ही त्या दिवशी शिक्षक झालो.

असो. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए. परीक्षा झाली. तीत जे चार जण उत्तीर्ण झाले ते रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८६३ साली, भांडारकर एम.ए. झाले. चार वर्षांपूर्वी ज्याने संस्कृतचा श्रीगणेशा केला त्याने ही मजल मारावी, हे बुद्धीचे तेज तर खरेच. परंतु रोज वर्गास सामोरे जाण्याचाही त्यात वाटा आहे असे आम्ही समजतो. आपल्याकरिता वाचणारा मनुष्य कठीण जागा ओलांडून पुढे जाऊ शकतो. उद्या दहा मुलांस सांगावयाचे आहे म्हणून वाचणाऱ्यास ती मुभा नसते.

१८६४ साली सिंधमधील हैदराबादच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, व लवकरच, १८६५ साली, ते रत्नागिरीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. कारकुनाचा मुलगा म्हणून ज्या गावी इंग्रजी शिकला त्याच गावी तो हेडमास्तर होऊन आला. रत्नागिरीकरांस त्या दिवशी केवढा अभिमान वाटला असेल! याच दशकात त्यांनी संस्कृतची ती दोन पाठ्यपुस्तके लिहिली. पहिले मार्गोपदेशिका आणि दुसरे संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका. नावांतच ग्रंथकाराचा स्वभाव दिसतो. पहिले पुस्तक वाट दाखविते, दुसरे देवळाच्या आत नेते. विद्यार्थ्यास प्रथम शब्दांची लांबलचक रूपे घोकावयास न लावता वर्तमानकाळाची सोपी क्रियापदे द्यावी, लगेच त्यांची वाक्ये करवून घ्यावी, थोडे नियम, थोडे शब्द, मग संस्कृतातून व संस्कृतात भाषांतर, असा त्यांचा क्रम आहे. धातूंचे गणही त्यांनी आकड्यांच्या ओळीने न घेता प्रथम पहिला, चौथा, सहावा व दहावा हे सोपे गण घेतले. ज्याने स्वतः मोठेपणी अडखळत संस्कृत शिकले आणि लगेच इतरांस शिकविले त्यासच असा क्रम सुचतो. पिढ्यान्पिढ्यांच्या मुलांनी ही पुस्तके हाताळली, आणि ती आजही छापली जातात.

यापुढील चरित्र सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. रत्नागिरीहून ते एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून आले. पुढे कायमची नेमणूक करण्याचा प्रसंग आला तेव्हा ती जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांस मिळाली. अनुभव व अधिकार असून भांडारकरांस मागे राहावे लागले. हा अन्याय होता यात संशय नाही. परंतु त्यांनी त्रागा केला नाही, शिकविणे सोडले नाही, व संशोधन तर अधिकच जोमाने चालविले. १८७४ साली लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेचे निमंत्रण त्यांस आले. ते जाऊ शकले नाहीत, परंतु नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील निबंध त्यांनी धाडला. १८८२ साली कीलहॉर्न यांच्यामागून डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. फेलो म्हणून ज्या कॉलेजात शिकविले तेथेच ते मुख्य आसनावर बसले. १८८४ साली त्यांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८५ साली जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांस डॉक्टर ही पदवी दिली, आणि १८८६ साली व्हिएन्नाच्या परिषदेस ते स्वतः गेले. १८९३ साली ते सेवानिवृत्त झाले व त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९११ साली त्यांस सर हा किताब मिळाला. त्यांच्या हस्तलिखितांच्या शोधाविषयी, वैष्णव व शैव संप्रदायांवरील १९१३ च्या ग्रंथाविषयी लिहू म्हटले तर स्वतंत्र लेख होईल.

एक गोष्ट मात्र या स्मरणिकेत लिहिल्यावाचून राहवत नाही. भांडारकर प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ होते. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला. त्या वेळी ज्ञातीतील पुष्कळांनी त्यांच्यावर रोष धरला. आज त्याच ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांची तसबीर आपण अभिमानाने छापतो. थोर पुरुषाची तसबीर लावणे सोपे असते. तो हयात असताना त्याच्या बाजूस उभे राहणे कठीण असते. आपल्या वडीलधाऱ्यांची ती चूक झाकून ठेवण्यात त्यांचा किंवा आपला मान नाही.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यास त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. आपला मोलाचा ग्रंथसंग्रह त्यांनी तीस दिला. ऑगस्ट १९२५ मध्ये वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. साठ वर्षांपूर्वी लोकांच्या निधीतून वृत्ती घेऊन शिकलेल्या विद्यार्थ्याने आपला सारा ग्रंथसंग्रह शेवटी लोकांच्या स्वाधीन केला. दक्षिणेची फेड यापरती कोणती?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. देणगी की कर्ज? दक्षिणा फेलोशिप या दोहोंपैकी काहीच नव्हती. दिलेला पैसा पैशाच्या रूपाने परत मागितला जात नव्हता, म्हणून गरीब मुलास धाक नव्हता. आणि तो फुकटही दिला जात नव्हता, म्हणून घेणाऱ्याची मान खाली होत नव्हती. घेतलेली विद्या लगेच, हातोहात, मागून येणाऱ्यास द्यावयाची, एवढीच तिची अट होती. या अटीमुळे देणाऱ्याचे एकदाच दिलेले द्रव्य दोनदा फळले, आणि घेणाऱ्याची विद्या दुप्पट पक्की झाली.

आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना अशी की, साहाय्य निधीतून ज्यांस उच्च शिक्षणासाठी रक्कम दिली जाते, त्यांनी आठवड्यातून निदान दोन तास शाळेतील मुलांस शिकवावे, असा नियम करावा. जागेसाठी खर्च नको. आपले सभागृह सायंकाळी रिकामेच असते. त्या वर्गास केवळ आपल्या ज्ञातीची मुले यावीत असा निर्बंध मात्र घालू नये. शेजारच्या वस्तीतील मूल दारात उभे राहिले तर त्यास आत घ्यावे. एका वर्णापुरती असलेली दक्षिणा सर्वांच्या विद्येसाठी मोकळी झाली तेव्हाच तिच्यातून भांडारकर निघाले, हे आपण विसरू नये. पैसा ज्ञातीचा असेल. परंतु विद्या एकदा बाहेर पडली की तिला ज्ञाती नसते.

आम्ही स्वतः सेवानिवृत्त आहोत व दृष्टी अद्यापि शाबूत आहे. असा वर्ग निघाल्यास त्या तरुण शिक्षकांच्या मदतीस, त्यांच्या हाताखाली, बसण्यास आम्ही तयार आहोत. एखाद्या मुलीने गम् मधील म कोठे गेला असे विचारले, तर निदान एवढे उत्तर आम्हांस आता येते.

भांडारकरांच्या पुण्यस्मृतीस वंदन करून हा लेख येथेच पुरा करतो. इति शम्.